पाच जबाब, एकच तोंड

हवालदार सव्वीस वर्षं ठाण्यात जबाब लिहीत होते. साक्षीदाराचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचं लिहून तयार! अशा माणसाला वरून हुकूम आला: आठवड्यातून दोन संध्याकाळी गुन्हेशास्त्राच्या वर्गाला बसायचं.

"या वयात दप्तर! डबा देऊ का बांधून?" बायकोने हसून घेतलं.

"दे की. पुस्तकातला चोर पकडून आणतो."

वर्गावरच्या बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी प्रत्येकाला स्वतः लिहिलेले पाच जबाब, नावं झाकून, आणायला सांगितले. हवालदारांचे त्यांनी मोठ्याने वाचले आणि विचारलं, "यातली शाळकरी मुलगी कोणती? गॅरेजवाला कोणता?"

ओळखायचं कशावरून? पाचही जण 'सदर इसमास मी स्पष्टपणे पाहिले व ओळखले' असंच म्हणत होते! खुद्द लिहिणाऱ्यालाही सांगता येईना.

"कोर्टाला अशीच भाषा लागते, बाई," हवालदार फणकाऱ्याने म्हणाले.

"भाषा तुमची चालेल, काका. पण पाहिलं त्यांनी ना? मग 'स्पष्टपणे' हा शब्द कोणाचा?"

त्या प्रश्नाने त्यांची पाठच धरली. खरंच, कोणाचा? आठवड्यापूर्वी शिवणकाम करणाऱ्या एका मावशींचा जबाब त्यांनी असाच लिहिला होता. त्यावरून एक रंगारी चोरीच्या आरोपात कोठडीत होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या जामिनाची सुनावणी होती.

सकाळीच ते मावशींकडे पोचले. "काय दिसलं ते पुन्हा सांगा. मी मध्ये बोलणार नाही." आणि नाही बोलले. जड गेलं हो!

मावशींनी मशीन थांबवली. "पाठमोरा होता. शर्टावर पांढरे डाग होते, म्हणून वाटलं आपला रंगारीच. तोंड कुठे दिसलं?"

"मग वाचून दाखवलं तेव्हा बरोबर आहे म्हणालात ते?"

"तुम्ही एवढे जाणते! मला वाटलं, तुम्हालाच जास्त माहीत असणार."

हवालदारांनी तिथेच कोरा कागद काढला. मावशी बोलल्या तस्साच नवा जबाब लिहून त्यांनी तो साहेबांपुढे ठेवला.

"अहो, हातची केस घालवताय!" साहेब कडाडले.

"साहेब, आधीच्या जबाबात अर्धं माझ्या पदरचं होतं. चूक माझी आहे. हा कागद कोर्टात जाऊ दे."

कागद गेला. संध्याकाळी रंगारी सुटला आणि ठाण्याच्या दारात हवालदारांपुढे हात जोडून उभा राहिला. "तुमचे फार उपकार झाले, साहेब!"

"उपकार कसले, बाबा! तुला आत घालणारा शब्द माझाच होता. मला माफ कर." सव्वीस वर्षांत हवालदार पहिल्यांदाच असं काही बोलले होते. तिथून ते तडक वर्गाला गेले.

मंडळी, जबाब आपण लिहीत नसू, पण ऐकलेलं पुढे सांगतो तर रोजच. 'पाहिलं' आणि 'वाटलं' यात गल्लत झाली, की निरपराध माणूस नाहक भरडला जातो. म्हणून समोरच्याचं आधी पुरतं ऐकावं. आणि तेवढंही येत नसेल, तर कितीही वय झालं तरी शिकायला बसावं!