सुरू करण्याचा अधिकार

सत्ता आजवर कुणी आपणहून सोडलेली नाही. याला एकमेव अपवाद घडला तो एका मंगळवारी, रुग्णालयाच्या तळघरात; आणि तोही मोठ्या डॉक्टरांनी दम भरल्यावर.

सोडणाऱ्याला सगळे किल्लेदार म्हणत, कारण रुग्णालयाचा डेटाबेस त्यांच्या ताब्यात होता. मिळवणाऱ्या होत्या प्रयोगशाळेच्या ताई. तपासण्यांचे रिपोर्ट गोळा करून वॉर्डांत पाठवणारा एक जॉब, म्हणजे संगणकाला लावून दिलेलं काम, रोज सकाळी सातला आपोआप चाले आणि आठवड्यातून तीनदा मध्येच बसकण मारी. मग कुणीतरी बटण दाबून तो पुन्हा सुरू करायचा. तो हक्क एकट्या किल्लेदारांचा. किल्लेदार उगवत साडेदहाला, डॉक्टरांची फेरी नऊला, आणि मधल्या वेळात वॉर्डावॉर्डांतून बोलणी खात ताई.

"मला ॲडमिन करून टाका," ताई म्हणाल्या.

"आणि तुम्ही चुकून अख्खं रुग्णालय पुसून टाकलंत तर?"

"घरची फरशी पुसायला मला वेळ नाही, रुग्णालय कुठून पुसू?"

किल्लेदार हसले नाहीत. ॲडमिन न करता नुसती जॉबपुरती परवानगीही देता येते, असं त्यांनी जड आवाजात कबूल केलं. तिच्या तीन पायऱ्या होत्या.

"मग वरची द्या."

"एकदम वरची? अहो, खालच्या पायरीवरही जॉब सुरू करता येतो, थांबवता येतो. आणखी काय हवंय?"

"काही नको हो! सुरू झाला म्हणजे मिळवली!"

त्या दिवशी ताई घरी शिरल्या त्या जवळजवळ नाचतच. "मला अधिकार मिळाला!"

"पगार वाढला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"खुर्ची बदलली?"

"नाही. पण उद्यापासून बटण मी दाबणार!"

सासूबाईंनी सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

बुधवारी सात वाजून वीस मिनिटांनी जॉब बसला. इतक्या आनंदानं तो बसल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. प्रयोगशाळा ताईंच्या खुर्चीमागे गोळा झाली. रक्त घेणारे भाऊ सुई बाजूला ठेवून आले. रुग्ण बाही वर केलेला तसाच मागोमाग आला.

"दाबा ताई! आज डॉक्टरांच्या आधी रिपोर्ट!"

"थांबा, मी फोटो काढतो!" रुग्ण म्हणाला.

ताईंनी चष्मा पुसला, पासवर्ड टाकला, जॉबची यादी उघडली. यादी कोरी होती. बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा कोरी. त्यांनी फोन लावला.

"दाबलंत ना? अभिनंदन!" किल्लेदारांचा आवाज चक्क भरून आला होता.

"काय दाबू? इथे एकही जॉब दिसत नाही."

"बरोबर आहे. खालच्या पायरीवर ज्याचे त्यालाच जॉब दिसतात. तुम्ही तयार केलेले सगळे तुम्हाला दिसतील."

"मी कुठले तयार केलेत?"

"एकही नाही."

"आणि रिपोर्टचा?"

"तो माझ्या नावावर."

"मग वरची पायरी द्या, आत्ताच्या आत्ता!"

"देतो की. त्याला नवा अर्ज लागतो."

रिपोर्ट वॉर्डांत पोचले तेव्हा अकरा वाजले होते.