जाऊबाईंचा चातुर्मास

आषाढी एकादशीला देवळात पुराणिकबुवा म्हणाले, "जिभेला सगळ्यात प्रिय असेल ते चातुर्मासात देवाला वाहा." सुलतानपुरातल्या बायांनी कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा. मी गूळ सोडला. माझ्या थोरल्या जाऊबाई सुभद्राबाई, त्यांनी हातावर पाणी घेऊन म्हणी सोडल्या.

घरात कुणाचा विश्वासच बसेना. जाऊबाईंजवळ माहेरच्या वऱ्हाडी म्हणी तर होत्याच. शिवाय बांगडीवाल्या खालाच्या उर्दू, तांड्यावरच्या बायांच्या, किराणावाल्या मारवाड्याच्याही त्यांनी गोळा केलेल्या. भाजी खारट झाली तरी एक, पाहुणा लवकर उठला तरी एक. गावात सोयरीक अडली की माणसं त्यांनाच बोलावत.

आता त्या तोंड उघडायच्या आणि अर्ध्यातच ओठ घट्ट मिटायच्या.

"वहिनी, घशात अडकली का? पाणी आणू?" आमचे हे विचारायचे.

"हासा, भावजी, हासा! मले इथं अजीर्ण होऊन राह्यलं."

दसरा झाला आणि अमडापूरहून शालूबाई आल्या. त्यांच्या मुलाशी माझ्या कोकिळेचं ठरलं होतं. त्यांना तुळशीचं लग्न लागलं की लगेच बार उडवायचा होता. कोकिळेची सातवीची फायनल मात्र चैत्रात. पास झाली तर मास्तरीण होता येईल, हा तिचा ध्यास. सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते, तर मागे येऊन म्हणाली, "आई, एवढी परीक्षा देऊ द्या मले." बैठकीत माझा आवाज फुटत नाही. सगळी भिस्त जाऊबाईंवर.

शालूबाईंचं माहेर बऱ्हाणपूरचं. बसल्या बसल्या त्यांनी उपवर मुलीवर एक निमाडी म्हण टाकली. मग मुहूर्तावर एक. मग पुस्तकं वाचणाऱ्या पोरींवर एक. सगळ्या यमकात; आमचे हे तर मान डोलवू लागले!

जाऊबाई लालबुंद झाल्या. प्रत्येकीला उत्तर त्यांच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. मी हळूच म्हटलं, "एक म्हणून टाका ना. पाप माझ्या माथी."

"नेम म्हंजे नेम," त्या पुटपुटल्या. मग पानाचा डबा बाजूला सारून नीट बसल्या.

"शालूबाई, आज मले सजवून बोलता येत नाही, सरळच सांगते. पोरीले परीक्षा द्यायची हाय. आता नेली तं तुमच्या चुलीपुढं बसून ती तेच आठवत राहील. वैशाखात न्या, हासत येईल."

शालूबाईंनी पुढची म्हण सांगायला तोंड उघडलं, आणि परत मिटलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मले चौथीतून उठवून बोहल्यावर उभं केलं," त्या अखेर म्हणाल्या. "तवा समदे म्हणीच म्हणत होते. पोरीच्या मनात काय हाय, हे कोणी बोललंच नाही."

मग शालूबाईंनी पदराचं टोक सोडलं.

"वैशाखातला मुहूर्त काढा. पण पास व्हायले पाहिजे हं! एवढं थांबून नापास सून नेली तं अमडापूर हासंल मले."

"हाव, होते पास!" दाराआडून कोकिळाच ओरडली, आणि चहाचं दूध चुलीवर तसंच टाकून पुस्तकाकडे पळाली. दूध उतू जायला लागलं होतं. मी देवाचं नाव घेत पळत सुटले.