पायाखालची मोटार

होडीच्या नाकाला शेवटचं भोक पाडताना पुनमने श्वास रोखून धरला होता. ड्रिल जरा तिरकं गेलं असतं तर फायबरला तडा गेला असता, आणि आजच्या दिवशी दुसरी होडी कोणी दिली नसती. भोक सरळ पडलं. तिने खालून प्लायवूडचा तुकडा लावला, रुंद वायसर घालून नट आवळले आणि मोटारीचा दांडा धरून गदागदा हलवला. होडी डुलली, मोटार जागची हलली नाही.

"होडी सजवून राहिली का नवरी?" काठावर उकिडवा बसलेला तिचा भाऊ शिवशंकर म्हणाला. "अप्पा येतील इतक्यात."

"ढिली राहिली तर बोल्टासकट पाण्यात जाईल, दादा. मग बस नवरी शोधत."

देगलूरकडच्या या तलावात त्यांची अर्धी जमीन गेली, तेव्हा वडील मच्छीमार सोसायटीचे सभासद झाले, त्यांच्यामागे शिवशंकर. कधी ट्रॅक्टर, कधी जाळं, असं त्याचं चाललेलं. गेल्या सुगीत सोयाबीनच्या मळणी यंत्रात त्याच्या उजव्या हाताचा पंजा गेला. ट्रॅक्टर सुटलाच, आता जाळंही सुटायची वेळ आली होती. सोसायटीचा दंडक होता की ज्याची जागा, त्यानेच जाळं टाकायचं आणि त्यानेच ओढायचं. जमत नसेल तर जागा दुसऱ्याला. आणि एकट्याने जाळं काढायचं म्हणजे एक हात जाळ्याला लागतो, एक वल्ह्याला. शिवशंकरकडे एकच होता.

म्हणून ही मोटार. लातुरात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या पुनमने ती हैदराबादच्या, हौसेने गळ टाकून मासे धरणाऱ्या एकाकडून जुनी मिळवली होती. होडीच्या नाकावर बसणारी, बॅटरीवर चालणारी. पायाखाली पेडल. चवडा दाबला की होडी उजवीकडे, टाच दाबली की डावीकडे, आणि मधलं बटण दाबून धरलं की पाण्यातला पंखा फिरणार, पाय उचलला की थांबणार. वल्ह्याचं काम पायाने करायचं, हात जाळ्याला मोकळा.

शिवशंकरला एकट्याने जाळं टाकता-ओढता येतं का ते बघायला सोसायटीचे चेअरमन ईश्वरप्पा आपल्या होडीतून आले. त्यांनी मोटारीकडे बघितलं, मग पुनमकडे.

"मशीन नवी हाय, तू बस संगं. पण जाळ्याला तुझं बोट लागलं, की जागा गेली. कळ्ळं का?"

"कळलं, अप्पा."

जाळं टाकणं सुरळीत झालं. शिवशंकर नाकापाशी उभा, उजवा पाय पेडलवर. थर्माकोलचे तरंगे एकामागून एक पाण्यावर रांगेत बसत गेले. पुनम मागे बॅटरीपाशी बसून त्याच्या पायाकडे बघत होती.

तासाभराने काढायला सुरुवात केली आणि वारा उठला. शिवशंकर डाव्या हाताने दोर ओढायचा, उजव्या काखेत दाबायचा, पुन्हा ओढायचा. दोन कटला मासे आले, जाळ्यासकट तळाशी फडफडायला लागले. तेवढ्यात वाऱ्याने होडीचं नाक फिरवलं आणि जाळं सरकत पंख्याच्या दिशेने आलं.

"दादा, थांबव!"

"थांबवून राहिलो की!"

त्याने पाय दाबला. पंखा आणखी फिरला. त्याने सगळा जोर देऊन दाबला. जाळं खसकन आत ओढलं गेलं, गुंडाळलं, पंखा अडकला. मोटार घरघरली आणि शिवशंकर अजून दाबूनच उभा होता, जणू पुढे बैल आडवा आलाय आणि ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाहीये.

पुनमला जळक्या प्लास्टिकचा वास आला. पंखा अडकला की वीज तोडणारा ब्रेकर पडायला हवा. तो पडला नव्हता. तिने वायरला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. मग हाताला ओढणी गुंडाळून बॅटरीवरची क्लिप उपसून काढली. बोटं पोळली. घरघर थांबली.

ब्रेकरच्या दोन्ही स्क्रूंना जोडून तांब्याची तार पिळलेली होती.

"हे कोणी केलं?"

शिवशंकरने मान वळवली नाही. "सकाळी तू नटाचे पाने आणायला गेलतीस तवा चालवून बघितली, तर ब्रेकर सारखा पडून राहिला होता. काठाला शेवाळ लई. केलं डायरेक्ट. बोअरच्या मोटारीला बी असंच करतो आपण."

"बोअरची मोटार जळली तर तू बांधावर असतो. इथं खाली पाणी आहे!"

वारा होडीला धरणाच्या दगडी भिंतीकडे ढकलत होता. शिवशंकरने मोटारीचा दोर ओढून ती पाण्याबाहेर उचलली, दांडा गुडघ्याखाली दाबला आणि डाव्या हाताने गुंता सोडवायला लागला. हाताला आवरेना तेव्हा दातांनी. पुनमचे हात दोनदा पुढे गेले आणि दोनदा तिने ते मांडीखाली दाबले. होडी दगडाला घासली तेव्हा कुठे शेवटचा वेढा सुटला.

ईश्वरप्पा जवळ आले. "पोरी, तू हात लावलीस."

"वायरला, अप्पा. जाळ्याला नाही."

"खरं हाय. पण तू नसतीस तर होडी पेटली असती का न्हाई?"

पुनमला खोटं बोलता येईना. "हो."

"मग?" त्यांनी शिवशंकरच्या सुजलेल्या ओठाकडे बघितलं. "अर्धं जाळं अजून पाण्यात हाय. एकट्यानं काढून दाखव. पोरी, तू इकडं ये."

पुनमने आधी तांब्याची तार उपटून पाण्यात फेकली आणि क्लिप परत लावली. मग ती पेडलपाशी बसली. दादाला पुन्हा समजावून उपयोग नव्हता. थांबायचं तर पाय उचलायचा, हे त्याच्या डोक्याला सकाळपासून ठाऊक होतं. पायाला ठाऊक नव्हतं. त्याचा पाय ट्रॅक्टरवर शिकला होता. उभं राहिलं की घाबरलेल्या माणसाचं सगळं वजन पायावर येतं. तिने पेडल उचललं, केबल सैल केली आणि बसायच्या आडव्या फळीच्या पुढ्यात नेऊन आवळलं.

"बसून ओढ."

"बसून जोर लागत न्हाई, पुने."

"कमी लागेल. पण पायावर वजन येणार नाही. आणि आता ब्रेकर पडला तर पडू दे. हाताने परत चढव, तार पिळू नको."

"हाव."

त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा तिने स्वतः आवळला आणि ती ईश्वरप्पांच्या होडीत उतरली.

लांबून त्याचं काम फार सावकाश दिसत होतं. ओढ, काखेत दाब, ओढ. मध्येच पंखा फिरायचा, नाक सरळ व्हायचं. एकदा तो ओणवा झाला आणि बराच वेळ उठला नाही. ईश्वरप्पांनी वल्हं उचललं.

"थांबा, अप्पा."

"बुडंल ना बा तो!"

"जरा थांबा."

शिवशंकर सरळ झाला. दोर दातात होता. त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला, होडीने गिरकी घेतली आणि तरंगे रांगेने पंख्याकडे निघाले. तो खाली बघत होता. त्याचे खांदे ताठ झाले, सगळं अंग मागे रेललं, अगदी ब्रेकवर उभं राहताना रेलायचं तसं. पुनमचा स्वतःचाच पाय होडीच्या तळावर दाबला गेला.

मग होडीच्या कडेवर त्याचा उजवा गुडघा वर आला. वर आला आणि तिथेच अधांतरी राहिला. पाण्यातला फेस विरला. तरंगे पंख्याला घासून पुढे गेले.

"काय करून राहिला तो? पाय कामून वर केला?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"थांबला, अप्पा," पुनम म्हणाली. "तो थांबला."

गुडघा खाली गेला. पंखा फिरला, नाक वाऱ्याला लागलं, आणि शिवशंकरने उरलेला दोर शेवटच्या तरंग्यापर्यंत काखेत ओढून घेतला.