विळी थांबली तर छापायचं

आमच्या घरात इतिहासाचं पुस्तक छापायचं की नाही, हे विळी ठरवते. हसायचं असेल तर हसून घ्या. कोलकात्याच्या पुस्तकबाजारातले, कॉलेज स्ट्रीटवरचे मोठमोठे प्रकाशक आधी हसले आणि मग आमच्याच दुकानासमोरची गर्दी बघत उभे राहिले.

ही पद्धत ह्यांची, माझ्या पल्टूच्या बाबांची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी दुसरीपर्यंत शिकलेली. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुपारी हे एखादं हस्तलिखित घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. मी विळीवर भाजी चिरत ऐकायची. विळी चालूच राहिली की हे कागद गुंडाळून ठेवायचे. ती थांबली की पुस्तक घेतलं. म्हणायचे, "आपलं पुस्तक प्रोफेसर घेत नाही गं, त्याला फुकट मिळतं. मासळीची पिशवी हातात धरून घरी निघालेला माणूस घेतो. तू थांबलीस तर तो थांबेल." अख्खी दुनिया मी अशी भाजी चिरता चिरता पाहिली. बादशहा, दुष्काळ, बंडं, सगळी माझ्या उंबऱ्यापर्यंत चालत आली. हे उपकार कुणाचे आणि किती मानायचे?

हे गेले. आता दुकान पल्टू बघतो आणि वाचायचं काम सूनबाई झूमाकडे. झूमा इतिहास वाचते तो जांभया देत. "मां, राजे मेले, त्यांची पुस्तकंही मरू द्या की. गाइडं खपतात."

यंदा फाल्गुनात पल्टू वर आला आणि खाली मान घालून म्हणाला, "मां, पोयला बैशाखला नवं वर्ष लागायच्या आत छापखान्यात एकच पुस्तक बसतंय. एक तर दहावीचं गाइड, नाहीतर त्या कृष्णनगरच्या बाईंचं, कोलकात्याच्या जुन्या खाण्यापिण्याचं. ते आपण नाही घेतलं तर यापुढं इतिहास बंद. झूमाचं म्हणणं मला पटतंय."

"मग मला विचारतोस कशाला? दुकानाच्या पाटीवर शेण फास आणि गाइडं विक."

"विचारतोय कारण बाबांची पद्धत आहे."

एवढी तरी लाज होती पोराला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाई स्वतः आल्या. सुचेतना लाहिडी. कॉलेजात शिकवणारी, चाळिशीची, घामानं निथळलेली. तीन प्रकाशकांनी परत पाठवलेली. मी पुढ्यात केळफूल घेऊन बसले होते. झूमानं वाचायला सुरुवात केली. "असे अनुमान काढण्यास वाव आहे की..." "असे प्रतिपादन केले जाते की..." माझी विळी चाललेली. एकेक पाकळी सोलली, एकेक दांडी काढली, बोटं काळी झाली. दोन प्रकरणं संपली आणि अख्खं केळफूल चिरून झालं.

सुचेतना विळीकडे बघत होती. तिला कुणीतरी खाली विळीचं सांगितलं असावं. डोळे भरून आले तिचे.

"रडू नकोस," मी म्हणाले. "कुणाला घाबरून लिहिलंयस एवढं?"

"माशीमा, आमच्यात सोपं लिहिलं की म्हणतात, गोष्टी सांगते." मला मावशीच करून टाकलं तिनं.

"मग गोष्टी सांगायला काय पोलीस धरतात?"

झूमानं सरबत आणून दिलं. सुचेतनानं पेला हातात घेतला, आतला बर्फ हलवला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "हा बर्फ पहिल्यांदा इथं आला ना, तो अमेरिकेहून. तळ्यातला कापून, भुशात गुंडाळून, जहाजाच्या पोटात चार महिने."

मी कच्चं केळं विळीला लावलं होतं.

"आणि वितळला नाही?"

"वितळला ना! वाटेत दोनदा विषुववृत्ताचा रणरणता पट्टा ओलांडायचा. तरी उरला तेवढा घाटावर उतरवला. लोक विचारायचे, तुमच्याकडं हा झाडाला लागतो का? एकानं तर तुकडा नेला, उन्हात ठेवला, आणि तो नाहीसा झाला म्हणून भांडायला परत आला!"

झूमा फिसकन हसली. माझा हात विळीवर तसाच. अर्धं केळं पात्यात अडकलेलं. सुचेतनाचं तिकडं लक्षच नव्हतं, ती बोलतच होती.

"हे पुस्तकात आहे?" मी विचारलं.

"आहे ना. तळटिपेत."

"म्हणजे कुठं?"

"पानाच्या खाली. बारीक अक्षरात."

"अगं बये! जितीजागती माणसं खाली पुरलीस आणि वर नुसते चौथरे बांधलेस? उकरून काढ त्यांना."

"आणि पुरावे, माशीमा?"

"ते घाल खाली. पाया खालीच असतो. पण मला पायाच्या खड्ड्यात राहायला सांगू नकोस."

ती हसली. त्या दुपारी पहिल्यांदा. चैत्र लागेपर्यंत तिनं सगळं पुन्हा लिहून काढलं. झूमा तेव्हा माहेरी होती, म्हणून सुचेतनानं स्वतःच येऊन वाचून दाखवलं. आमच्याकडं त्या दिवशी भाजी झालीच नाही. पल्टू भाताबरोबर नुसतं वरण जेवला आणि हस्तलिखित घेऊन छापखान्यात गेला.

पोयला बैशाखला प्रथेप्रमाणं खाली लेखक मंडळी जमली, हातात शहाळी, ताटात संदेश मिठाई. वर झूमा लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळत होती. माझ्या नाकात जळका वास शिरला. गेले तर कढईतून धूर निघतोय, लाटलेल्या लुच्या वाळताहेत, आणि माझी सून पाटावर बसून नवं कोरं पुस्तक वाचतेय.

"झूमा! कढई!"

"एक मिनिट, मां. जहाज आता गंगेत शिरतंय."

खालून पल्टू ओरडला, "लुच्या कुठं आहेत?"

"थांबायला सांग!" मी वरून ओरडले. "जहाज लागल्यावर मिळतील!"

गॅस मीच बंद केला. जळकी लुची घेतली, पुस्तकाची एक प्रत घेतली आणि दोन्ही ह्यांच्या तसबिरीपुढं ठेवली.

"गोड मानून घ्या," म्हटलं. "या वेळी विळीबरोबर लाटणंही थांबलंय."