पांढऱ्या कापडापुढचा फोटो

डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि पत्र्याचा टर्रर्र आवाज सगळ्या खोलीत घुमला. माझी मुलगी हिरल आत्ता कुठे झोपली होती. मी धावत जाऊन फोन उचलला, तिच्याकडे पाहिलं. तिने फक्त कूस बदलली. दुपारचे हे दोन तास माझे असतात. सकाळी कडोदऱ्याच्या भरतकामाच्या युनिटला जाऊन यायचं, येताना हिरलला बालवाडीतून घ्यायचं, जेवू घालून झोपवायचं, आणि ती उठेपर्यंत लॅपटॉपवर उरलेलं काम करायचं. गोडादऱ्यात दुपारची अशी शांतता क्वचित मिळते, म्हणून मी ती जपून वापरते.

मेल केनियाहून आला होता. प्रवासाच्या परवानगीसाठी केलेला माझा अर्ज नाकारलेला नव्हता, पण पुढेही गेला नव्हता. फोटो पुन्हा पाठवा, एवढंच. चेहऱ्यामागे काही असू नये, मागची बाजू कोरी हवी.

मी पाठवलेला फोटो उघडला, मोठा करून पाहिला. माझ्या उजव्या खांद्याच्या वर, मागच्या कापडाच्या कोपऱ्यात, बोटाच्या टोकाएवढा लाल ठिपका. कुंकू.

हे सगळं सुरू झालं ते एका बाईमुळे, जिला मी कधी भेटले नाही. मी भरतकामाच्या मशीनसाठी डिझाइन करते. म्हणजे कागदावरची वेलबुट्टी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने बसवून द्यायची, मग शेकडो सुया तीच नक्षी कापडावर काढतात. आमच्याकडून झुळझुळीत कापड नैरोबीला जातं. तिकडच्या बायका लग्नाकार्यात त्याचे पायघोळ झगे घालतात. नैरोबीच्या बाजारात ज्यांचं दुकान आहे त्या हलीमाबेननी आमच्या रमणिकभाईंना फोनवर सांगितलं, "कापड मत भेजो अभी. जिसने ये नक्षी बनाई, उसको भेजो. मेरे सामने बैठके नई बनाए."

रमणिकभाई म्हणजे आमचे सेठ. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "उज्ज्वलाबेन, आफ्रिका जवानुं छे. चार दिवस. बोलो."

सात वर्षं मी नक्ष्या करतेय. कापड मशीनवरून उतरतं, घडी होतं, गठ्ठा बांधला जातो, ट्रकमध्ये चढतं. माझी नक्षी कोणाच्या अंगावर मी एकदाही पाहिलेली नाही. ती चालताना कशी हलते, बसल्यावर कुठे मोडते, घामाने टोचते का, काही माहीत नाही. हलीमाबेननी एकदा एका लग्नाचा फोटो पाठवला होता. त्यात कोपऱ्यात एक बाई पाठमोरी उभी होती, आणि तिच्या पाठीवर माझी वेल होती. तो फोटो मी किती वेळा पाहिला असेन, सांगत नाही.

घरी येऊन सांगितलं तेव्हा भूपेंद्र चहा पीत होता. हा माझा नवरा, लूमच्या कारखान्यात मास्टर आहे. तो म्हणाला, "जा ना मग. विचारतेस काय? सिंहासोबत सेल्फी पाठव." आणि सासूबाई, प्रमिलाबाई, त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हिरलच्या पाठीवर थाप मारून गावाकडच्या बोलीत म्हणाल्या, "दख वं हिरा, तुनी माय विमानमा बसनारी शे." मला वाटलं होतं, पोरीला सोडून कशी जाशील, हे कोणीतरी म्हणेल. कोणीच म्हणालं नाही. म्हणजे आता ते फक्त माझ्याच मनात राहिलं.

पासपोर्ट होता. पिवळ्या तापाची लस घेतली. दंड दोन दिवस ठणकत होता आणि तेवढे दिवस सासूबाईंनी मला लाटणं हातात घेऊ दिलं नाही. केनियाला जायला आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. तो अर्ज मी हिरलच्या झोपेत थोडा थोडा भरला. अडलं फोटोवर. परवत पाटियाच्या स्टुडिओत गेले तर त्या भल्या माणसाने मला गोरी केली आणि हनुवटीवरचा तीळ पुसून टाकला. "फ्री मां करी आप्युं, बेन," म्हणाला. तो फोटो पासपोर्टातल्या माझ्याशी जुळणं शक्यच नव्हतं. भूपेंद्र म्हणाला, कशाला पैसे घालवायचे, घरीच काढू. पण आमच्या भिंती पिस्त्याच्या रंगाच्या, त्यावर हिरलची चित्रकला. म्हणून मी युनिटमधून अडीच मीटर पांढरं कापड आणलं, कोरं.

ते बघून सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"हाई काय शे?"

"फोटोमागे लावायला, आई."

"कोरं पांढरं कापड, आन् सवाशीनना मांगे? नही वं माय. घरात नही."

सासरे गेले तेव्हा भूपेंद्र शाळेत होता. त्या दिवशी त्यांच्यासाठी असंच पांढरं कापड दुकानातून फाडून आणलं होतं, आणि त्याचा तो फाटतानाचा आवाज अजून कानात आहे, असं त्या एकदाच मला म्हणाल्या होत्या. तेव्हापासून घरात पांढरी चादरही नाही.

पण त्यांनीच मार्ग काढला. आमच्यात नवीन कापड अंगाला लावायच्या आधी कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावतात. ते लावलं की कापड कोरं राहत नाही. स्वतः लावायला त्या तयार नव्हत्या. मी विधवा, माझा हात नको, म्हणाल्या. खालच्या मजल्यावरच्या सुषमाला हाक मारून वर बोलावलं. सुषमाने कुंकू लावलं, चहा प्यायली, "माझ्यासाठी तिकडून काजू आण," म्हणाली आणि कापड माझ्या मागे धरून उभी राहिली. भूपेंद्रने दोन्ही कान दिसावेत म्हणून दोन पावलं मागे जाऊन फोटो काढला. हिरल रडत होती, भाजी करपत होती, मी बघितलं न बघितलं आणि पाठवून दिलं.

आणि आता हा मेल.

मी रमणिकभाईंना फोन केला. रागावले नाहीत. पण म्हणाले, "बेन, टिकट एजंटाने उद्या सांजपर्यंत धरून ठेवलंय. परवानगी आली तर सारुं. नाही आली तर काय करवानुं? डिझाइन मेलवर पाठवून देऊ. हलीमाबेनला समजावीन."

मेलवर. म्हणजे पुन्हा गठ्ठा, पुन्हा ट्रक, पुन्हा पाठमोरी बाई.

सासूबाई दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. "काय व्हयनं वं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आई. नेट स्लो आहे. फोटो गेलाच नाही नीट."

खोटं बोलले. मला त्यांचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता.

संध्याकाळी भूपेंद्र आला. मी त्याला मोरीपाशी नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. पण या माणसाला हळू आवाज कळतच नाही. "आयला!" म्हणाला, आणि बाहेर जाऊन मोठ्याने हसला. "आई, तुझं कुंकू केनियापर्यंत पोचलं! तिथला साहेब विचारतोय, हे लाल काय आहे!"

"भूपेंद्र!" मी ओरडले.

हसता हसता त्याच्या लक्षात आलं. पण तोवर सासूबाईंनी शेंगांचं ताट उचललं होतं आणि त्या आत गेल्या होत्या. जेवताना त्यांनी हिरलला भरवलं, स्वतः अर्धी भाकरी खाल्ली. फक्त एकदाच बोलल्या, माझ्याकडे न बघता. "मना हातमुये तुनं काम अडनं."

"नाही आई, हात तर सुषमाचा होता," भूपेंद्र म्हणाला. चेष्टा करून सावरायला गेला आणि आणखीच बिघडवलं.

सकाळी मी उठले तर सासूबाईंनी ते पांढरं कापड धुवून, वाळवून, इस्त्री करून ठेवलेलं. ठिपक्याचा कोपरा कात्रीने कापून टाकलेला. स्वतः. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "नवराले ऊठव. उजेड चांगला शे."

"आई, सुषमाला बोलावू? ती धरेल."

"कोनले नको बलावू. मी धरस."

खिळा मारायला भिंत पोकळ आहे, दोरी बांधायला जागा नाही. कोणीतरी धरणंच भाग होतं. त्या स्टुलावर चढल्या. मी त्यांच्या पुढे खुर्चीवर बसले. दोन्ही हातांनी कापड ताणून त्यांनी माझ्या मागे धरलं. मला त्या दिसत नव्हत्या, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता, मोठा आणि तुटक. आपल्या सुनेमागे कोरं पांढरं कापड घेऊन उभी असलेली ती विधवा बाई कशाशी झगडत होती, ते या घरात फक्त मलाच माहीत होतं. मला रडू येईल असं वाटलं.

"हासू नको," मागून आवाज आला. "त्या लोकेसले हासेल चालत नही."

"मी हसत नाहीये, आई."

"रडू बी नको. डोया लाल दिसतीन."

भूपेंद्रने फोटो काढला. मोठा करून बघितला. "आई, तुझं बोट आलंय."

"कोठे?"

"वर. डावीकडे. आता तो साहेब विचारेल, हे बोट कोणाचं?"

त्यावर त्या हसल्या. स्टूल हललं, कापड हललं, हिरलला वाटलं खेळ सुरू झालाय, ती कापडाखाली शिरली. "ए, बाहेर नीघ वं भवानी!" मग तिला दोन बिस्किटं देऊन दाराशी बसवली, सासूबाईंनी कापड कडेला धरलं, आणि फोटो झाला. त्यात माझा तीळ आहे, माझा सावळा रंग आहे, आणि मागे स्वच्छ पांढरं. मी तिथेच बसून पाठवला.

त्या स्टुलावरून उतरताना मी हात दिला. "आई, भीती नाही वाटली?"

"वाटनी ना," त्या म्हणाल्या. "पन तुनं अडाले नको."

एवढंच. मग त्या चहा ठेवायला गेल्या.

सकाळभर युनिटमध्ये मी काय काम केलं, मला आठवत नाही. वेबसाइट उघडायची, बंद करायची. रमणिकभाईंनी दोनदा काचेतून बघितलं, काही विचारलं नाही. दुपारी हिरल झोपली तरी माझ्या दोन तासांत मी एक फूलही पूर्ण केलं नाही. ऊन उतरल्यावर तिला घेऊन भाजीला निघाले, नाहीतर घरात जीव गुदमरला असता.

नाक्यावर, वांग्याच्या गाडीजवळ उभी राहून मी परत एकदा बघितलं. पानावरचा शब्द बदलला होता. मंजूर. खाली माझं नाव, पासपोर्ट नंबर, आणि तो फोटो.

"बेन, कोथमीर नाखुं?" भाजीवाला विचारत होता.

"हो," म्हणाले. "सगळं टाका."

तिथूनच रमणिकभाईंना फोन लावला. "थई गयुं?" ते ओरडले. "अरे वाह! एजंटला कहुं छुं." आणि मग जरा थांबून म्हणाले, "बेन, मला वाटलं होतं, होणार. पण बोललो नाही. बोललं की अडतं."

घरी आले तर सासूबाई दारातच होत्या. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. तरी म्हणाल्या, "माले दखाड." मी फोन त्यांच्यापुढे धरला. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं, मग हळूच बाजूच्या पांढऱ्यावर फिरवलं.

"चांगलं आलं," म्हणाल्या.

मी वाकले. त्यांनी पाया पडू दिलं नाही. खांदे धरून उभी केली आणि तशीच थोडा वेळ धरून ठेवली. नैरोबीत बसून ज्या कोणी माझा अर्ज बघितला असेल, त्या माणसाचं नाव मला कधीच कळणार नाही. त्याला अर्ज सरळ नाकारताही आला असता. त्याने फक्त फोटो परत मागितला. त्याचंही भलं होवो. रमणिकभाईंचं, हलीमाबेनचं, तीळ पुसणाऱ्या त्या स्टुडिओवाल्याचंही. पण या बाईने माझ्यासाठी जे केलं, त्याचे आभार मानायला माझ्याजवळ शब्द नव्हते आणि तिला ते नकोही होते. "वांगं आनं का? दे इकडे," म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली.

हिरल पायरीवर बसून चपलेचा बेल्ट काढत होती. तिचा बेल्ट नेहमी अडकतो. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं, आई शुक्रवारी विमानाने जाणार, चार दिवसांनी परत येणार, आजी आणि पप्पा असतीलच. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. रडली नाही. तिथल्या मावश्यांच्या झग्यांवर तू काढलेली फुलं असतील का, म्हणाली. असतील, मी म्हणाले. खूप? खूप.

माझा आवाज किती आनंदात होता, हे मलाच ऐकू आलं. तिलाही आलं असणार. चप्पल हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई," तिने विचारलं, "तिथे मी नसणार. तरी तुला आवडेल?"