कोणतं औषध

“औषध घेतल्यापासूनच हात थरथरतात, बरोबर?” कंपनीच्या वकिलाने अगदी मऊ आवाजात विचारलं.

“हो,” तिचा नवरा म्हणाला.

वकील समाधानाने खाली बसला. भिंतीलगतच्या खुर्चीवर ती पुढे सरकून बसली.

गुलाबांच्या काचघरात नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं फवारणी केली होती. त्या कीटकनाशकावर बंदी घालायची का, ते बाजारात आणणाऱ्या कंपनीला जबाबदार धरायचं का, हे ठरवायला आरोग्यखात्याची समिती बसली होती. बाधा झालेला माणूस म्हणून त्याला बोलावलं होतं. थोरल्या दिरांनी सकाळीच बजावलं होतं, मनाच्या डॉक्टरांच्या गोळीचा ब्रसुद्धा काढायचा नाही, आज ती द्यायचीही नाही. एकदा वेडा ठरला की त्याच्या शब्दाला कवडीची किंमत उरणार नाही. त्यावर नवरा हसून म्हणाला होता, “गुलाबावरची मावा कीड मेली नाही ती नाहीच, मीच कोमेजलो.” तिने मात्र गोळी पर्समध्ये टाकली होती. रोज वेळेवर ती देणं हा तिचा नेम होता. नेम चुकला, की नवरा भिंतीशी बोलत बसे.

ती उठून उभी राहिली.

“बाई, जरा बोलू का?” तिने समितीच्या अध्यक्षबाईंना विचारलं. “काचघरात औषध म्हणजे फवारायचं औषध. ते नाकातोंडात गेलं, की ही माणसं औषध घेतलं म्हणतात. यांनी हो म्हटलं ते त्यालाच. डॉक्टरांचं ते आमच्याकडे गोळी.”

“म्हणजे गोळ्याही चालू आहेत?” वकील पुन्हा उठला. “कसल्या?”

तिच्या शेजारी बसलेले दीर आपल्या चपलांकडे बघू लागले. एका ‘नाही’वर भागलं असतं.

“मनाच्या,” ती म्हणाली. “आधी हातांचा ताबा गेला, मग झोप गेली, गोळी त्याच्यानंतर आली. दोन्ही खरं आहे. एक लपवून दुसरं कोणत्या तोंडाने सांगू?”

वकिलाने काहीतरी टिपून घेतलं. अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं, आजची दिलीत का. नाही, ती म्हणाली, आणि तिने पर्स उघडली. गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली, टेबलावरच्या पाण्याच्या जगमधून पेला भरून दिला.

घरी ती पेल्याला खालून हात लावत असे. आज लावला नाही. पेला दातांवर किणकिणला, पाणी शर्टावर आणि टेबलावर सांडलं.

मग त्याने पेला दोन्ही हातांनी खाली ठेवला, खिशातला रुमाल काढला आणि समितीचं टेबल पुसायला घेतलं.