जाताना एक, येताना एक

“खट् नाही हो, टक्,” बाई म्हणाल्या. “खट् जड असतो. हा हलका आहे. कोणीतरी बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा.”

मिस्त्रीने मान डोलावली. खट् काय आणि टक् काय, त्याला सध्या दोन्ही सारखेच होते, पण ते बाईंना सांगायचं काही कारण नव्हतं. त्यांचं बोलणं मात्र त्याला लख्ख कळत होतं. मुलांना पोहायला शिकवण्यात बाईंची हयात गेली होती. तलावाच्या या काठावरून त्या काठाला ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की समोरच्या माणसाशी बोलतानाही त्या पाण्यापलीकडच्या कोणाला तरी हाक मारताहेत असं वाटावं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली होती. गर्द हिरवी, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि वयाने जवळजवळ त्यांच्या नोकरीइतकी.

“दोन ठिकाणी दाखवून झालं. एकानं शॉकप बदलले, दुसऱ्यानं चाकांची अलाइनमेंट केली. आवाज आहे तिथंच आहे. दुसरा तर म्हणाला, जुनी गाडी आहे, कुरकुरणारच. मी म्हटलं, जुनी तर मीही आहे.”

मिस्त्री हसला. “आणि आर्मचे रबरी बुश?”

“पुढचे सगळे मागच्याच वर्षी नवे घातलेत. त्यामुळे ते असणं शक्य नाही म्हणतात.”

“ठेवून जा. उद्या सांगतो काय आहे ते.”

त्याच्या बोलण्यात तोरा नव्हता, सवय होती. गाडी फाटकातून आत शिरतानाच तिचं दुखणं ओळखणारा माणूस म्हणून लोक त्याच्याकडे येत. पत्रा ठोकण्यात आणि इंजिनांच्या शेजारी उभं राहण्यात उभा जन्म गेला आणि त्याची किंमत कानांनी मोजली. डावा पार गेला होता, उजवा अर्धामुर्धा उरला होता. समोर तोंड करून बोललं की भागायचं. मागच्या महिन्यात मात्र एका जुन्या गिऱ्हाइकाची गाडी त्याने ‘झाली’ म्हणून बाहेर काढली, तेव्हा तिचा पट्टा असा किंचाळत होता की सगळी गल्ली दारात आली. तो एकटाच खुशीत हात पुसत उभा होता. तेव्हापासून मुलगा फोनवर म्हणायचा, “बाबा, आता बास करा की.” मिस्त्री ‘आवाज तुटतोय’ म्हणून फोन ठेवायचा. ते खोटंही नव्हतं.

बाई गेल्यावर तो गाडी घेऊन निघाला. कॉलनीच्या मागचा उखडलेला रस्ता, गतिरोधक, वळणं, सगळं करून झालं. इंजिन त्याला रजईखालून बोलल्यासारखं येत होतं, टक् तर नाहीच. पण जोरात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हाताला किंचित ओढ द्यायचं, लहान मूल बोट धरून ओढतं तेवढीच. त्याने परत दाबला. परत ओढ. हात म्हणत होते, आहे. पण बाईंची तक्रार आवाजाची होती, आणि ही ओढ म्हणजेच तो आवाज, हे सांगायला त्याच्याकडे साक्षीदार नव्हता.

गॅरेजच्या वरच्या मजल्यावर त्याची बायको पडदे शिवत होती. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला.

“अगं, जरा खाली येतेस?”

“अहो, हे पडदे आज द्यायचेत.”

“थोडंच काम आहे. कानांचं.”

तिने मशीनवरचा पाय उचलला. कानांबद्दल त्याने तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. ती शेजारी बसून बोलताना तोंड त्याच्याकडे वळवायची, टीव्हीचा आवाज वाढवायची, पण ‘कान’ हा शब्द त्या घरात दोघेही टाळत होते. ती चपला घालून खाली आली आणि दार उघडून आत वाकून बघत म्हणाली, “ही गाडीत बसायची रीत की विहिरीत उतरायची?”

“बस. आवाज आला की माझ्या दंडाला बोट लाव. बोलू नकोस, मला रस्त्याकडे बघायचंय.”

गतिरोधक गेले. बोट नाही. खड्डे गेले. बोट नाही. सरळ रस्त्यावर त्याने वेग घेतला आणि ब्रेक दाबला. दंडाला बोट लागलं, आणि त्याच क्षणी स्टिअरिंगने हाताला ओढलं. त्याने पाय उचलला. पुन्हा बोट.

त्याने गाडी कडेला घेतली आणि तिच्याकडे वळला. “दोनदा?”

“जाताना एक, येताना एक. कपाटाचा रिकामा खण ढकलला की मागं आपटतो ना, आणि ओढला की पुढं. तसा. माझ्या बाजूनं येतोय, पायाशी.”

“सापडला,” मिस्त्री म्हणाला.

गाडी स्टँडवर चढवली आणि चाक मोकळं लोंबायला लागलं, तशी त्याने टॉमी घेतली. हातभर लांबीची ती लोखंडी पट्टी त्याने चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मच्या मागच्या टोकाशी घालून हलकेच दाबली. उजवीकडे आर्म जागचा हलला नाही. डावीकडे तो बोटभर मागे सरकला आणि सोडल्यावर आपल्या जागी आला. बॅटरीच्या उजेडात त्याने बघितलं. नवं रबर, काळं कुळकुळीत, आणि मधोमध आडवं फाटलेलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा आर्म काढून टेबलावर ठेवलेला होता. दाबाच्या प्रेसखाली ढकलून काढलेला फाटका बुश त्याने त्यांच्या हातावर ठेवला.

“एका वर्षात फाटला?” बाई म्हणाल्या. “माल खोटा निघाला म्हणायचा.”

“माल चांगला होता. गाडी हवेत असतानाच बोल्ट आवळला असणार. चाक खाली लोंबतंय, तेव्हा आवळलं की रबर त्याच जागी धरलं जातं. मग गाडी जमिनीवर टेकली की त्याला पीळ बसतो. उभ्या गाडीतसुद्धा पीळ सुटत नाही. किती दिवस सोसेल?”

बाईंनी बुश उलटसुलट करून बघितला. “उभ्या उभ्या पीळ,” त्या म्हणाल्या. “अशी माणसं बघितलीत मी.”

उजवीकडचाही त्याने बदलायला घेतला होता. तोही तसाच आवळलेला होता, नुसता अजून फाटला नव्हता. आर्मचं भोक घासून चकचकीत केलं, जुन्या बुशाची दिशा खडूने खुणावून ठेवली होती ती जुळवली, साबणाचं पाणी लावून नवा बुश प्रेसखाली सरळ बसवला. वाकडा जायला लागला तेव्हा घाई केली नाही, काढून परत धरला. आर्म चढवले, बोल्ट हातानेच फिरवून ढिले ठेवले. मग चाकांखाली जाड फळ्या सरकवून गाडी तिच्या स्वतःच्या वजनावर उभी केली, पुढून दोन-चारदा दाबून हलवली आणि म्हणाला, “बाई, आत बसा. गाडीला तुमचं वजन कळू दे.”

बाई बसल्या. तो फळ्यांमधून खाली सरकला. जोर मोजणारा त्याचा पाना ठरल्या ताकदीला पोचला की टक् करतो. पूर्वी तो टक् त्याला कानाने कळायचा, आता तळहातात कळे. एकेक बोल्ट घेत, प्रत्येक टक् हाताला लागू देत त्याने सगळे आवळले.

अलाइनमेंट करून आणल्यावर तो पुन्हा बायकोला घेऊन एक फेरी मारून आला. तिचं बोट मांडीवरून उठलंच नाही. बाई फाटकात उभ्या होत्या.

“गेला आवाज?”

बायकोने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण मिस्त्रीने हात वर केला.

“मला आवाज येत नाही, बाई. कान गेलेत माझे. टक् हिनं ऐकला, मी हातानं शोधला. आवाज गेलाय असं ही म्हणते. गाडी सरळ थांबते, हे मी म्हणतो. तुम्हाला चालत असेल तर किल्ली घ्या, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी दाखवून घ्या.”

बायकोने मान खाली घातली, आणि लगेच वर केली.

“ते मला पहिल्याच दिवशी कळलं,” बाई म्हणाल्या. “कानात पाणी गेलेलं पोर असंच तोंडाकडे टक लावून बघतं. जन्मभर बघत आलेय. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगतील.” त्यांनी किल्ली घेतली. “चला, बसा शेजारी. मला दाखवा सरळ कशी थांबते ते.”

बायको म्हणाली, “जा हो. माझे पडदे राहिलेत,” आणि जिना चढायला लागली.

मोठ्या रस्त्यावर बाईंनी ब्रेक दाबला. गाडी रेषेवर ओढल्यासारखी थांबली. त्यांनी पाय उचलला, परत दाबला. त्याने पाय गाडीच्या तळाशी टेकून ठेवले होते. तळव्यांना काही लागलं नाही. बाई त्याच्याकडे वळून फक्त मान हलवत हसल्या.

मग रस्ता मोकळा झाला आणि त्यांनी गाडी पळवली. पदपथावरची माणसं चालता चालता थांबली, एकामागून एक वळून बघायला लागली. फळांच्या दुकानातली एक बाई पिशवी तशीच हातात धरून बाहेर आली. मिस्त्री त्यांचे चेहरे बघत राहिला आणि त्यावरून, इंजिनाचा आज काय सूर लागला असेल, याचा अंदाज बांधत गेला.